दाभण

काळी मखमल अंगात चढवली आणि आधी खिसा शोधला.
नव्हता.
शिंपी म्हणाला, हाय शेरीफला खिसा लागत नाही, मॅडम,
सामान धरणारे मागून चालतात.
मग पेन कुठे ठेवू?
तो गुडघ्यांवर बसून काठ टाचत होता,
तोंडात टाचण्या. बोलला नाही.

लिंकनच्या किल्ल्यात कोर्ट आहे, अजून चालतं.
तिथल्या शेवटच्या बाकावर मी एकोणीस वर्षं,
मांडीवर वही, बाही ओली.
मेंढीचोर. डिझेलचोर.
पिऊन चर्चच्या फाटकात ट्रॅक्टर घातलेला
एक तसा भला माणूस.
प्रत्येकी चाळीस शब्द. नाव, वय, गल्ली, दंड.
आडनावच उकिडवे,
बसणंही तसंच.

पहिल्या दिवशी संपादक हॉलगार्थ
अर्ज वाचून म्हणाला, "यू किड...?"
सगळे हसले. मीही हसले.
आणि मिरजेला पत्र लिहिलं, इथली माणसं मोकळी आहेत.

त्याच्या टेबलावर एक सळई असे, उभी, शिशाच्या बुडाची.
नको ती बातमी तो तिच्यावर खुपसायचा.
कोबी भरणाऱ्या बायकांच्या बुडालेल्या पगाराची माझी बातमी
आरपार गेली. अकरा पानं.
सगळे गेल्यावर मी ती सोडवून घरी नेली.
भोक बरोबर 'रात्रपाळी'वर पडलं होतं.

आता सांगतात, जुनी रीत आहे:
लंडनात चर्मपत्राच्या गुंडाळीवर
नावाशेजारी चांदीच्या दाभणानं टोचतात.
टोचलं, की निवड झाली.
मी ऐकून घेतलं.
भोक भोकच असतं, हात कुणाचा ते बघायचं.

अधिकार म्हणाल तर वर्षभर केक कापायचे,
न्यायाधीशाशेजारी गप्प बसायचं.
पगार नाही.
"पूर्वी फाशी शेरीफच द्यायचे,"
चहा ओतता ओतता एक बाई सांगते,
"साखर किती?"
पिसांची टोपी बघून लेक म्हणाली, आई, कोंबडा.

आज समोर एक मुकादम उभा होता.
तोच कोबी, नव्या बायका,
कुणी लिथुआनियाच्या, कुणी तिमोरच्या.
सरकारी वकील रकमा वाचत होता
आणि माझा उजवा हात
मखमलीवर आपोआप लिहीत होता.
न्यायाधीशांनी एकदा त्याच्याकडे बघितलं.
मी तो डाव्या हाताखाली दाबला.

बाहेर पायऱ्यांवर एक पोरगा धावत आला,
शेवटच्या बाकावरचा. बाही ओली.
फोन बंद पडलेला.
"तुमच्या आडनावाचं स्पेलिंग, प्लीज?"
मी अंबाड्यातून पेन काढून त्याला दिलं.
किती शब्द दिलेत तुला?
"चाळीस."
मग मला गाळ.
त्या बघ, बसस्टॉपवर उभ्या आहेत.
स्पेलिंग त्यांना विचार.