सोडणारा

शर्यतीत एका कुत्र्याला दोन माणसं लागतात,
एक सोडणारा, एक बोलावणारा.
सोडणारा मी. वय अकरा.
बोलावणारी माझी आत्या, मायाक्का करांडे,
माडग्याळच्या माळावर साडेतीनशे मीटर पलीकडं
हिरव्या लुगड्याचा ठिपका.

बाकीचे चिंध्यांचा ससा दोरीला बांधून
मोटारसायकलीमागं ओढायचे.
आत्या नुसती उभी.
निशाण पडलं की एकदाच हाळी द्यायची.
हाळीत शब्द नसायचा,
मेंढरं वळवताना तोंडातनं जे निघतं तेच,
शेवटाला जरा लांबवलेलं.
तेवढ्यानं माझ्या मांड्यांमधल्या बरगड्या ताठ व्हायच्या.
मी सोडायचो म्हणे.
खरं तर तो हातातनं नाहीसा व्हायचा.

पिल्लू होता तेव्हा लोक विचारायचे,
ह्याला खायला घालतीस, का नुसता वाळवतीस?
तिनं नावच ठेवलं, चिपाड.
सकाळी शेळीचं दूध, कुस्करलेली भाकरी, वर एक अंडं.
घरात अंडं एकच असायचं.
त्यावरनं बिरूमामा दोन दिवस जेवला नव्हता.

उन्हाळ्यात माळभर सराटे.
माझ्या शाळेच्या खाकी चड्डीचे
तिनं चार मोजे शिवले, नाड्या लावून,
आणि पहाटे चिपाडला घालून जतच्या वाटेनं निघाली,
तो पुढं, ही मागं मामाच्या सायकलवर,
लुगडं नळीवरनं सावरत.
गावानं कुत्र्याचे मोजे बघितले
आणि माझी चड्डी ओळखली.

उमदी, संख, आटपाडी, एकदा पार दहिवडी.
टेम्पोत मागं ती, मी, चिपाड,
आणि कुणाचं तरी कांद्याचं पोतं.
तीन वर्षं पावतीवर नाव मामाचं.
चौथ्या वर्षी आटपाडीत तिनं पावती परत सरकवली.
"पळीवनारीचं घाला. न्हाईतर कुत्र्याचं घाला.
घरात झोपल्याल्याचं नगं."
खाडाखोडीचे वीस रुपये जादा घेतले.
लाऊडस्पीकरवाला नाव वाचताना आधी हसला,
मग दुपारी फायनलला तेच नाव
घसा बसेपर्यंत ओरडला.

सात ढाली. एक बोकड.
एक मिक्सर, वस्तीवर वीज यायच्या दोन वर्षं आधी;
त्याच्या भांड्यात ती सुया-दोरा ठेवायची.
हरलेलं कुठं ठेवलं ते कधी दाखवलं नाही.

चिपाड आठ वर्षांचा झाला,
मी तेव्हा बारावी नापास.
संखच्या मैदानात हाळी आली, मी हात काढले,
आणि तो तिथंच.
मान वळवून माझ्याकडं बघत राहिला,
जणू मीच काहीतरी विसरलोय.
ठिपक्यानं दुसऱ्यांदा हाळी दिली.
दोनदा तिनं कधी दिली नव्हती.
मग ठिपका चालायला लागला,
ऐन धावपट्टीतनं, समोरून सुटलेली सहा कुत्री
तिच्या दोन्ही अंगांनी निघून गेली,
माणसं शिव्या देत होती,
ती आपली चालत आली साडेतीनशे मीटर,
कोकरू घेतात तसा त्याला खांद्यावर घेतला
आणि मला म्हणाली, "पानी आन."

आता मी मिरजेत एक्स-रे काढतो.
परवा तिला मोबाइलवर दाखवलं:
बर्फच बर्फ, बारा कुत्री,
मागं घसरगाडीवर उभी एक बाई,
त्या देशात कितीदा तरी पहिली आलेली.
मला वाटलं, बर्फ बघून चकित होईल.
तिनं मोबाइल नाकाशी धरला.
"पायात मोजं हायती," म्हणाली.
पुन्हा लावायला लावलं.
पुन्हा.
मग बऱ्याच वेळानं,
"पन ही मागं हुबी ऱ्हाती व्हय रं?
मग हिला त्येंची तोंडं कवा दिसायची?"