घर ओढून नेताना

आमच्या लेमुय बेटावर घर हलवायचं असलं
की सामान बांधत नाहीत,
घरालाच दोरखंड बांधतात.
खाली ओंडके, पुढे बैलांच्या सहा जोड्या,
आणि अख्खं गाव आरोळ्या देत ओढतं,
पडद्यांसकट, आरशासकट, चुलीसकट.
मध्ये समुद्र आला तर भरतीची वाट बघायची,
घर पाण्यावर घालायचं, होड्यांनी पलीकडे न्यायचं.
याला मिंगा म्हणतात.
मजुरी नसते. मटण, बटाटे, सफरचंदाची दारू,
आणि उद्या तुझ्या घराला माझा खांदा.

सात वर्षांची होते मी
तेव्हा आमचं घर खाडी ओलांडत होतं
आणि आई आत चुलीपाशी बसून होती.
उतर म्हटलं तर उतरेना.
विस्तवाकडे कोण बघणार, म्हणाली.

हे सगळं सांगतेय ते बटाट्यांमुळे.

माझ्या वाफ्यांत एकेचाळीस जाती आहेत.
जांभळ्या, काळ्या, आल्यासारख्या वाकड्यातिकड्या.
नावं सासूला तोंडपाठ होती, मला नव्हती,
म्हणून लिहायला लागले.
आधी वहीत.
मग भाची यास्ना म्हणाली म्हणून
त्या मोठ्या फुकटच्या जागेत,
जिथे म्हणे सगळं जग राहतं.
नऊ वर्षं राहिले.
कुठलं बी कुठल्या बाईनं दिलं, कुठल्या अमावास्येला लावलं,
तिचा नवरा तेव्हा बोटीवर होता की नव्हता, तेही.
भाडं नाही म्हणजे मालकही नाही,
असा माझा समज.

ऑगस्टातल्या गारठ्यात एक दिवस दार उघडेना.
‘आपले खाते आमच्या नियमांत बसत नाही.’
कुठला नियम? विचारायला माणूसच नव्हता.
मी पडद्यासमोर बसून मोठ्यानं म्हटलं,
अरे बाबा, बटाटे आहेत ते.
आमच्याकडे एका बटाट्याचं नाव चेटकीण आहे.
यास्नाला वाटतं, ते यंत्र तिलाच घाबरलं असणार.

वही होती म्हणून निम्मं वाचलं.
निम्मं गेलं.
फेलिसिंदाबाईचा हसतानाचा फोटो गेला,
आणि आता फेलिसिंदाबाईही नाही.

मग यास्नानं मला नाव घेऊन दिलं.
माझं आडनाव, पुढे बटाटे, मग टिंब,
मग आमच्या देशाची दोन अक्षरं.
वर्षाला एका पोत्याचे पैसे.
एवढ्याशा पाटीला एवढे? मी कुरकुरले,
पण लाकडी फळीवर तेच नाव रंगवून
फाटकालाही ठोकलं.

दीड वर्षानं सान्तियागोच्या त्या कंपनीनं,
जिच्या यंत्रावर आमचं बिऱ्हाड होतं,
भाडं दुप्पट केलं.
माझ्या पोटात गोळा.
यास्ना शांत. म्हणाली, मावशी, मिंगा करू.

रात्री अकराला सुरू झालं.
बैल नाहीत, ओंडके नाहीत, कुणी आरोळी देईना,
नुसती एक हिरवी पट्टी इंचाइंचानं सरकत होती.
मला राहवेना, म्हणून मी चूल पेटवली,
दोघींपुरतं मटण शिजवलं.
रीत म्हणजे रीत.
पहाटे सगळं वाल्दिव्हियात.
तेच नाव टाइप केलं, तेच दार उघडलं,
चेटकीण आपल्या जागेवर.
त्या रात्री कुणी आलंच असेल पाहुणं
तर त्याला कळलंही नसेल
की पायाखालची जमीन बदलली.

गर्दी म्हणाल तर नाही.
आठवड्याला चार माणसं, त्यातली एक मीच.
पण आयसेनहून एका मुलीनं लिहिलं:
आजी लाल सालीचा, आत पिवळं कडं असलेला
बटाटा लावायची, त्याला काय म्हणतात?
मी नाव कळवलं. तीन कोंब पुठ्ठ्यात गुंडाळून पाठवले.

नावसुद्धा कायमचं नसतं, हे मला माहीत आहे.
दर मार्चात पैसे भरावे लागतात,
चुकले तर कुणीही उचलून नेईल.
ती तारीख मी भरती-ओहोटीच्या तक्त्याशेजारी
कोळशानं भिंतीवर लिहून ठेवलीय.
आणि यास्नाला बजावून ठेवलंय,
मार्चात गेले मी,
तर आधी ते पैसे भर,
मग रड.