तिसरं रूप

जवाहरनगरात लाइट गेली की
मी मोठ्यानं पाठ करायचो: गो वेन्ट गॉन.
मुलगीच मी. पण कोल्हापुरात पोरीही
गेलो, आलो, जेवलो म्हणतात.
आवटी सरांनी वहीत तीन रकाने आखलेले,
तिसरा बारका, समासाला टेकलेला.

दादा कंदिलाशी रापी चालवत ऐकायचे.
कट कट कट आलं की खूश.
"हे बरं हाय. कवाबी कापा, कापल्यालंच."
पुढं हर्ट हर्ट हर्ट. तिथं काही बोलले नाहीत.

एकदा म्हणाले,
"गो-चं वेन्ट? मग त्यातला ग कुटं गेला?"
नियम नसतो, मी म्हटलं, सर म्हणतात पाठ करा.
त्यांनी वेणीचा पदर दातात धरला, ओढला.
"आपल्यात तरी कुटं हाय? जा म्हणतीस,
पर जाला न्हाई म्हणत, गेला म्हणतीस.
बघ, सायबाचा ग आपल्याकडंच आलाय."

पुण्यात शिकवतो आता. शिकवते.
फोन आला तेव्हा फळ्यावर दुसरा रकाना चालू होता.
भाऊ एवढंच म्हणाला, "दादा गेले."
खडू ठेवला. पोरांना म्हटलं,
तिसरं तुम्ही भरा, मी येतो.
मागच्या बाकावर कुणीतरी हसलं.

वही सापडली, कातड्याच्या तुकड्यांखाली.
कट-च्या ओळीवर तेलकट अंगठा.
गो-च्या ओळीत वेन्ट खोडून
पेन्सिलीनं, माझ्या नसलेल्या अक्षरात:
गेन्ट.