बोया

कोठीच्या दुसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून
माझं मेज. त्यावर बिलिमोऱ्याचं बंदर,
म्हणजे नऊ रकान्यांची वही:
जहाजाचं नाव, तांडेल, खंडी, माल,
कुठून, कुठे, जकात, भरणा, शेरा.
बावीस वर्षं गलबतं आत घेतो आहे, बाहेर सोडतो आहे
आणि समुद्र पाहिलेला नाही.
विश्वामित्रीला पूर येतो तेवढंच माझं पाणी.

बसऱ्याचा खजूर, मंगळुरी कौलं, मलबारी नारळ,
परतीला एरंडी, मोहाची फुलं, डांगचं सागवान.
मीठ नाही.
मिठाचा रकाना रेसिडेंटसाहेबांनी
माझ्या आधीच्या कारकुनाच्या हातून खोडवून घेतला,
दोन सरळ रेघा, खाली त्याचीच सही.
बंदर महाराजांचं, जकातीचा दर मुंबईचा,
आणि दर महिन्याची नक्कल कॅम्पात,
इंग्रजीत, दिघ्यांच्या वळणदार अक्षरात.

आश्विनात फतेमारी बुडाली. नाव रूपारेल, तांडेल वेला भाणा.
खजूर त्याचाच. जकात आगाऊ भरलेली,
सतरा रुपये नऊ आणे, बाबाशाही.
नियम सोपा आहे:
समुद्रात बुडाली तर जकात परत.
नदीत शिरल्यावर बुडाली तर माल आला असं धरायचं,
मग तो माशांनी खाल्ला तरी.

रळियात, वेल्याची बायको, स्वतः आली
रात्रीच्या गाडीनं. दीर सोबत, पण तो दाराशीच उभा.
मी नकाशा उलगडला, चार कोपऱ्यांवर चार दौती ठेवल्या,
विचारलं, अंबिका नदी कुठे संपते?
तिनं नकाशाकडे पाहिलंच नाही.
शाई टिपायच्या वाळूच्या डबीत बोट घातलं,
चिमूट चोळून म्हणाली, ही नदीची.
मग म्हणाली, जिथं पाणी खारं लागतं तिथं संपते.
भरतीला वर घाटापर्यंत, ओहोटीला पार खाली.
तुमची रेघ कुठल्या वेळेची?

आणि फतेमारी? ती कुठल्या पाण्यात गेली?
खोटं बोलायला ती शिकून आली नव्हती.
म्हणाली, मीठा पाणीमां.

आता, त्यांच्या बोलीत गोड ते मीठुं
आणि मीठ तेही मीठुं.
बावीस वर्षं बडोद्यात काढून
हे मला कळत नाही असं कोण म्हणेल?
शेऱ्यात मी लिहिलं, शुद्ध मराठीत:
अर्जदार सांगते की मिठाच्या पाण्यात.
वाळू टाकली. फुंकली.

पैसे तिनं दोनदा मोजले.
एक रुपया मेजावर वाजवून पाहिला,
बदलून मागितला. दिला.
रडली नाही, निदान कोठीत नाही.

सहा महिन्यांनी कॅम्पातून विचारणा:
नदी व समुद्र यांची हद्द एकवार कायम करावी,
ती हलू नये.
म्हणून बोया. लोखंडी, पिंपाएवढा, तांबडा,
इथल्याच कारखान्यात घडवलेला,
पोटावर पांढऱ्या रंगात आकडा १.
खर्च कुठल्या खात्यातून यावर पत्रव्यवहार चालू आहे.
आरमार खातं आपल्याकडे नाही,
आणि बांधकामवाले म्हणतात, तरंगतं ते बांधकाम नव्हे.

तोवर तो आवारात, कडुनिंबाखाली.
माळ्याची पोरं त्याचा घोडा करतात,
पट्टेवाले त्यावर पागोटी वाळत घालतात.
दुपारी दिघे आणि मी त्याला पाठ टेकून जेवतो.
ऊन चढलं की रंगाचा वास येतो, थोडा गंजाचाही.
कायद्यानं पाहिलं तर हद्द सध्या इथं आहे.
या अंगाला कोठी, त्या अंगाला टांगे,
आम्ही दोघे नेमके कशात बसलोय, नोंद नाही.

दिघे विचारतात, भाजीत मीठ आहे का हो?
मी म्हणतो, मीठुं आहे.