नळी क्रमांक सात

याश शहरात बर्फ मार्चअखेरपर्यंत रेंगाळतो,
म्हणून मुलं येतात ती ओल्या बुटांनी.
मी कापसाची कांडी देते: जिभेखाली धरा, चावू नका.
एकोणीस वर्षं मी लाळ गोळा करते आहे.
(हसू नका, पगार वेळेवर होतो.)

आज जुळ्या बहिणी आल्या, इलिंका आणि सोराना.
वय सोळा. एकाच बीजाच्या,
कानामागचा तीळसुद्धा एकाच बाजूला.
खाण तशी माती म्हणावं, तर खाण एकच.
फक्त बाळंतपणात आई गेली,
आणि मावशीच्या घरात एकाच बाळापुरती ऊब होती.
हाताला लागली ती तिने उचलली.
दुसरी चौदा महिने वॉर्डात.
बत्तीस पाळणे, रात्रपाळीला एक बाई.

परीक्षा साधी: समोर तिघं अनोळखी, न हसणारे.
हजार बावीसमधून तेरा वजा करत जा. मोठ्याने.

सोराना: हजार नऊ. नऊशे शहाण्णव. नऊशे…
कानाच्या पाळ्या लाल. चुकली. पुन्हा पहिल्यापासून.
बाहेर येऊन रडली, मग मावशीच्या पिशवीतला पाव खाल्ला.
तिचा आलेख टेकडीसारखा,
चढला तसा उतरला.

इलिंका नऊशे सत्तरला थांबली,
आणि तिघांकडे बघत राहिली,
शेवटची बस गेल्यावर माणूस रस्त्याकडे बघतो तशी.
आलेख सपाट.
नवा डॉक्टर म्हणाला, शांत आहे पोरगी.

मी नळीवर सात लिहिलं. बोलले नाही.
पण टेबलाखाली तिचा अंगठा
तिच्याच मुठीत होता, नखं पांढरी होईतो आवळलेला.
हाकेला कुणी येत नाही हे एकदा कळलं
की शरीर हाक मारायचं सोडतं.
त्याला आम्ही शांत म्हणतो.

बाळाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणे.
दिसत असतील.
पाळण्यापाशी कुणी यायला हवं ना.

बाहेर बाकावर वेतुरिया अक्रोड फोडत बसलेली,
पंधराव्या महिन्यापासूनची तिची आई.
कसं झालं, विचारलं नाही.
मूठ घेतली, एकेक बोट सोडवलं,
सवयीने, दुसरीकडेच बघत,
आणि तळव्यावर अर्धा अक्रोड ठेवला.

आमच्या तक्त्यात यासाठी रकाना नाही.

जिन्यापाशी पोचल्यावर इलिंका वळली,
माझ्याकडे पाहून, तोंडात अक्रोड तसाच:
नऊशे सत्तावन्न.