एक वीत

टेकडीची साल आम्ही नोव्हेंबरात काढली.
दोनशे बारा घरं बसणार आहेत तिच्यावर,
तूर्त एकही नाही. तूर्त उघडी पिवळी चिकणमाती
आणि उताराच्या टोकाशी
खाडी.

ऑकलंडच्या उत्तरेला मी कापडाचे बांध घालते.
काळं कापड, लाकडी खुंट्या, पायाशी चर:
एक वीत खोल, कापडाचा काठ आत, वरून माती दाबून.
वीत म्हणजे माझी वीत.
आईची असती तर आणखी खोल गेलं असतं,
टोंगात कोनफळं उकरून तिचे पंजे रुंद झाले होते.

रेवेती डिगर चालवतो. म्हणतो,
पाणी आडमुठं नसतं गं, आळशी असतं,
सोपी वाट विचारतं, ती आपण सांगायची.
म्हणून वरच्या कुरणाचं स्वच्छ पाणी
बाजूच्या पाटानं परस्पर काढून देतो आम्ही,
उघड्या मातीशी त्याची ओळखच होऊ देत नाही.
आणि मातीवरून आलेलं पाणी तळ्यात.
तिथे त्याला बसवून ठेवायचं दांडगट पोरासारखं,
मुठीतलं सगळं खाली टाकेपर्यंत.
फाटकात खडी. ट्रकनी पाय झटकूनच रस्त्यावर जायचं.

कुठेतरी पाणी मुरतंय, असं लोक संशयानं म्हणतात.
आमच्या धंद्यात ती आनंदाची बातमी असते.

एप्रिल संपत आला तेव्हा अंदाज आला:
रात्रीत ऐंशी मिलिमीटर.
कॅलम फोनवर म्हणाला, सहापर्यंत मशिनं चालू द्या,
हंगामाचे चारच दिवस उरलेत,
पेंढा शनिवारी पसरू.
उतार उघडाच राहिला.
मी काही बोलले नाही.
कारण ईशान्येच्या कोपऱ्यात, जिथे खडक लागला
आणि घरी पोर तापानं फणफणत होतं,
तिथे मी चर खणला होता
चार बोटं.
वरून माती अशी दाबली होती
की बघणाऱ्याला वीतभरच वाटावी.

रात्री दोनला पाणी आलं.
कापडाशी भांडलं नाही.
वाकून बघितलं त्यानं,
आणि खालून गेलं.

टॉर्चच्या उजेडात रेवेतीनं कोपरा पाहिला, मग मला.
विचारलं काहीच नाही, पेंढ्याची गासडी खांद्यावर घेतली.
नऊ गासड्या रचल्या, खुंट्या ठोकल्या,
मी हातांनी उकरत राहिले, दोन नखं गेली.
पाणी थोडं थांबलं.
थोडं थांबलं म्हणजे थांबलं नाही.

सकाळी खाडी दुधाळ चहासारखी.
पुआवाई गुडघाभर पाण्यात उभी,
पायाच्या बोटांनी शिंपले चाचपत.
सत्तर वर्षं अशीच शोधते ती, खाली न बघता.
एक उचलून तिनं उघडला.
आत मांस होतं, आणि मांसावर पिवळा थर.
"ही वरची," ती म्हणाली,
पाहुण्याची ओळख करून द्यावी तसं,
आणि शिंपला परत ठेवून दिला.

मी नळी भरली. तळाशी काळी चकती असते,
किती पाण्यातून ती दिसते तेवढं मोजायचं.
निदान शंभर मिलिमीटर हवं.
बासष्टला चकती बुडाली.
कॅलम म्हणाला, हलली असेल, पुन्हा भर.
पुन्हा भरली.
एकसष्ट.

वहीत एकसष्ट लिहिलं.
शेजारी कारणाचा रकाना असतो,
तिथे सगळे अतिवृष्टी लिहितात.
मी पेन ओलं हाताला पुसलं, आणि लिहिलं:
ईशान्य कोपरा. चर चार बोटं. मी खणला.

मग रेवेतीकडून पहार घेतली.
खडक तिथेच होता, त्याला कुठे जायचंय.
दुपारपर्यंत सहा बोटं झाली.
बारा बोटांची वीत.
पश्चिमेला पुन्हा भरून येत होतं.