बादलीचं वजन

ग्युम्रीच्या या हॉलमध्ये मी अकरा वर्षं फरशी पुसते.
काळ्या दगडाच्या भिंती, एकच शेगडी,
आणि खडूची पूड, जी रात्री पुसली तरी
सकाळी मांजरासारखी परत हजर.

नाझेली गेल्या हिवाळ्यात आली.
सतरा वर्षांची, कोपरं टोकदार, वेणी कंबरेपर्यंत.
पहिल्याच दिवशी तिला बाजूला घेतलं मी,
जणू तेवढ्यासाठीच मला पगार होता:
पोरी, अंग बाहेर येईल.
खांदे असे होतील की दारातून आडवं जावं लागेल.
आवाज घोगरा, ओठावर लव,
आणि पाळणा? पाळण्याचं तर नावच काढू नकोस.

तिनं ऐकून घेतलं. हात झटकले.
माझ्या काळ्या ॲप्रनवर पांढरा ढग बसला.

हे सगळं मला सासूनं सांगितलेलं.
तिला कुणी, कोण जाणे.
विरजणासारखं घराघरांतून जातं ते,
चमचाभर पुरतं.

म्खितार, त्यांचा कोच, दोन्ही गुडघ्यांनी गेलेला,
एकदा म्हणाला, हायकुश, तुझी बादली किती किलोची?
म्हटलं, बादली ती बादली.
तिला कुठे किलो असतात?

पण ते वाक्य चपलेतल्या खड्यासारखं राहिलं.

अंधाराची ती वर्षं आठवली मग.
वीज नाही, लिफ्ट नाही,
अंगणातल्या नळाला पहाटे तासभर पाणी.
मला सातवा महिना.
दोन्ही हातांत वीस-वीस लिटरचे कॅन
आणि पाचवा मजला.
पायऱ्या एकोणनव्वद. मोजल्यात मी.
वर दारात सासू उभी असायची,
शाल घट्ट लपेटून.
म्हणायची, सांडू नकोस.

अर्तुश झाला साडेतीन किलोचा.
आता रशियात रस्ते बांधतो, फोन करतो, कधीकधी करत नाही.
त्यानंतर बेकरीत सात वर्षं पिठाची पोती.
आणि शेवटच्या आजारात सासूलाच उचलायचे मी
न्हाणीघरापर्यंत,
एक हात मानेखाली, एक गुडघ्यांखाली.
जपून, म्हणायची ती.
स्वतःला जपून.

रविवारी हॉल बंद असतो. किल्ली माझ्याकडे.
पोरांचं वजन करायच्या काट्यावर
मी भरलेली बादली ठेवली.
चौदा.
दुसरी ठेवली. अठ्ठावीस.
काटा बिघडलाय असं वाटलं, म्हणून स्वतः उभी राहिले.
काटा बरोबर होता, दुर्दैवानं.

मग ती दांडी. बायकांची, पंधरा किलोची.
उचलली.
इतकीच? अपमान झाल्यासारखं वाटलं.
एवढ्यासाठी मी त्या पोरीची झोप उडवली?
दोन्ही बाजूंना चकत्या घातल्या, मग आणखी दोन,
नाझेली घालते तसा तो चिमटा लावला, तिसऱ्यांदा लागला.
पन्नास.
गुडघे वाकवले, पाठ फळीसारखी,
पोतं उचलताना असायची तशी.

उचलून उभी राहिले.
वाट पाहिली, खालून काय येतंय त्याची.
ढेकर आली.

दांडी हातातून सुटली तेव्हा
शेजारच्या घड्याळवाल्यानं भिंतीवर दोनदा ठोकलं.
मी घाईघाईनं सगळं होतं तिथे ठेवलं,
फरशी पुन्हा पुसली, ॲप्रन मात्र तसाच राहिला.

सोमवारी नाझेलीच्या दोन उचली फसल्या.
तिसरीच्या आधी तिनं माझ्याकडे पाहिलं,
नेहमीच्या पाळण्याची वाट पाहत असावी.
मी पोछा पिळला.
म्हटलं, टाच उचलतेस.
टाच जमिनीला. भरली बादली उचलताना ठेवतो तशी.
तुम्हाला काय माहीत, ती म्हणाली,
मग तिची नजर माझ्या ॲप्रनवर गेली.

म्खितार खिडकीकडे तोंड करून उगाच खोकला.
तिसरीही फसली. होतं असं.
मी पाणी बदलायला निघाले,
दोन्ही हातांत मिळून
अठ्ठावीस किलो.